अस्तर

डिसेंबरात काचा बसवल्या तेव्हा
सिडकोच्या आमच्या ओळीत आमचीच गच्ची देखणी.
सकाळी आठला ऊन आत यायचं, मशीनच्या पायट्यावर
मांजरासारखं अंग चोरून बसायचं,
आणि मी स्वेटरची बटणं सोडत
लग्नसराईचे ब्लाउज शिवायचे.
समोर पांडवलेण्यांचा डोंगर.
म्हटलं, एवढा उजेड
अख्ख्या नाशकात कुणा शिंपिणीच्या वाट्याला आला असेल?

मार्च संपता संपता त्याच उजेडाला दात फुटले.
दुपारी दोनला कात्री हातात धरवेना.
दोऱ्याला लावायची मेणबत्ती
डब्यातल्या डब्यात वाकली, नमस्कार केल्यासारखी.
पडदे लावले, जाड, दुहेरी.
पडदेच तापले.
पंखा तीच हवा ढवळत राहिला, उतू जाणाऱ्या दुधासारखी.
गिऱ्हाइकं दारातूनच मापं द्यायला लागली.
कुमुदिनी पगार म्हणाल्या,
"शिवण सोडा बाई, इथे पापड घाला."
आणि ठाण्याची बहीण फोनवर अजून म्हणते,
तुमच्या नाशिकची काय, हवा थंड!

साहेबराव निरभवणे आले ते
मुलाच्या पॅंटीची उंची सोडून घ्यायला.
पिंपळगावकडे द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजांना
पॅनेलं बसवतात.
काचेपासून चार बोटांवर तळहात धरून उभे राहिले,
ताप आलेल्या पोराच्या कपाळाशी धरावा तसा.
"ताई, पडदा आतून?
चोर आत आल्यावर कडी लावताय तुम्ही."

मग म्हणाले, द्राक्ष वेलीवरून उतरलं
की घड्याळ सुरू होतं.
त्याला ऊन विसरायला लावायचं,
एवढंच आमचं काम.

रविवारी साइटवरचे उरलेले पफचे तुकडे घेऊन आले.
टेपने छत मोजलं, आकडे पेन्सिलीने कानामागून काढून
भिंतीवरच लिहिले.
मी सवयीने विचारलं, शिलाईला किती सोडता?
"दोन बोटं," ते म्हणाले, "पत्रा आणि पफच्या मधे.
हवेला जायला-यायला वाट पाहिजे.
अगदी चिकटून बसवलं की
वरचा ताप खाली उतरतो."
मी काहीच बोलले नाही.
तीस वर्षं पोरींना हेच सांगत आले,
अस्तर जरा सैल कापा गं,
ओढून लावलं तर वरचं कापड चुणतं.

सांध्यांना फोम, फोमवर चंदेरी पट्टी.
पश्चिमेला बांबूचे चिक, काचेच्या बाहेरून.
आणि खरंच, मंगळवारी दुपारी दोनला
मी मशीनवर बसले होते,
आणि कपाळावरचा घाम पुसायला
हात वर गेला तो नुसताच.

फक्त अंधार.
बुधवारी मोरपंखी ब्लाउजला
गर्द निळ्या दोऱ्याची अख्खी बाजू मारली.
उसवताना बोट टोचलं, रक्तसुद्धा काळंच दिसलं.
फोन केला. ते हसले. "उत्तरेची काच मोकळी करा,
तिकडून ऊन येतच नाही, नुसता उजेड येतो."

म्हणून आता मशीन उत्तरेला तोंड करून.
समोर डोंगर नाही,
शेजाऱ्यांच्या पाण्याच्या तीन काळ्या टाक्या
आणि एकीवर बसणारा कावळा.
संध्याकाळी साडेसहाला दोरी ओढून
चिक वर घेते, तेव्हा डोंगर येतो,
थोडा वेळ, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा.
पैसे त्यांनी घेतले नाहीत.

मे महिन्यात एक पिशवी घेऊन आले.
आत जाड निळं जाकीट,
शून्याच्या खोलीत घालायचं,
काखेपासून फाटलेलं.
"आतलं तेवढं बदलून द्याल?"
बाहेर एक्केचाळीस, आणि मी मांडीवर
हिवाळा घेऊन बसले.
जुनं अस्तर उसवताना
खिशाच्या भोकातून आत घरंगळलेली
दोन द्राक्षं सापडली,
सुकून मनुका झालेली.

एक मी खाल्ली.
दुसरी पुडीत बांधून
नव्या खिशात ठेवली.